काकूचा हात आणि नाल्याचं पाणी

आमच्या मळ्यांच्या वस्तीत मेथीचा वाफा पेरायचा तर पहिली मूठ माझ्या काकूची. वाफा कुणाचाही असो. माती भुसभुशीत झाली, वाफे बांधून झाले, की त्या घरची सून नाहीतर मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहायची. "काकू, येता का?" एवढंच म्हणायची. कशाला, ते कुणी विचारत नसे. काकू हात धुवायची, पदराला पुसायची आणि अनवाणी निघायची. वाफ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात उभी राहून ती पहिली मूठ फेकायची. बी तिच्या मुठीतून एकदम सुटत नसे. करंगळीकडून एकेक बोट उघडत जायचं आणि दाणे पंख्यासारखे पसरायचे. उरलेलं बी मग घरच्यांनी टाकायचं. काकूला चहा, हळदीकुंकू आणि मेथी निघाली की पहिली जुडी.

काकूच्या हाताला गुण आहे, असं सगळे मानायचे. तिनं मूठ टाकलेला वाफा चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवा दिसणार म्हणजे दिसणार. ती लग्न होऊन सायखेड्याहून आली, त्या वर्षी माझ्या आजोबांनी सहज गंमत म्हणून नव्या सुनेला मूठ टाकायला लावली. ती मेथी अशी काही दाट आली की पुढच्या हंगामात शेजारी बोलवायला आले. त्याला तीस वर्षं झाली होती. मधल्या काळात काकूला मूलबाळ झालं नाही. बारशाला, डोहाळजेवणाला तिला मागे बसवणाऱ्या बायका पेरणीला मात्र तिला पुढे घालायच्या. हे मी लहानपणापासून बघत होते. त्या हाताशिवाय तिच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

मी हातगुणाला हसायची. मी पत्रकांवर वाढले, अगदी शब्दशः. अप्पा, माझे वडील, शहरातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. मळा आई आणि काकू बघायच्या, काका टेम्पोवर असायचे. अप्पा येताना बिघडलेली पत्रकं घेऊन यायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. संप, मोर्चा, पाणीकपात, हुंडाबंदी, भाववाढ. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, फडताळात पत्रकं, भाकरीच्या टोपल्याखाली पत्रक. वर्गातल्या मुली पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हणायच्या तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ म्हणायची. दहाव्या वर्षापर्यंत माझी अशी समजूत होती, की जगातला प्रत्येक अन्याय एका पानात मावतो आणि खाली ‘आपले नम्र’ लिहिलं की मिटतो.

आमचे मळे नाल्याच्या दोन्ही काठांना. वरच्या उतारावर कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी. काहींत लोखंडावर चकाकी चढवायचं काम चाले. तिथलं पाणी नाल्यात, नाला आमच्या मळ्यांतून आणि पुढे गंगेत; आमच्याकडे नदीला गंगाच म्हणतात. माझे आजोबा हे पाणी ओंजळीनं प्यायले होते. माझ्या वेळी कुणी पीत नव्हतं, पण पेरायला, धुवायला तेच. आठवड्यातून एकदा वरून टाकी सोडत. त्या दिवशी नाला हिरवट-पिवळा दिसायचा आणि वास नाकात राहायचा. कुणीतरी काठावरून ओरडायचं, "टाकी सोडली रे!" मग सगळे आपापल्या मोटारी बंद करायचे. दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं की पुन्हा सुरू. आम्हाला वाटायचं, आम्ही किती शहाणे. रंग गेला म्हणजे विष गेलं, असा वस्तीतल्या प्रत्येक माणसाचा हिशोब होता. माझाही.

शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, विज्ञान शाखेत होते. त्या साली पाऊस लवकर आटोपला. थंडी सरेपर्यंत नाल्यात वरच्या डोंगराचं पाणी नावापुरतं राहिलं. जे वाहत होतं ते शेडींचं.

पहिला वाफा गेला मावशीचा. मावशी आमची कुणी लागत नव्हती. नाल्याच्या पलीकडे राहायची आणि सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. तिची जीभ चाकूसारखी, पण कुणाच्या घरी अडचण असली की सगळ्यांत आधी तीच हजर. काकूनं तिच्याकडे मूठ टाकली, चहा प्यायली, आली. चौथा दिवस गेला, आठवा गेला. वाफ्यात इथे चार कोंब, तिथे सहा, मधे नुसती माती. मावशीनं पुन्हा पेरलं. पुन्हा काकूलाच बोलावलं. पुन्हा तेच. मग तिच्या शेजारच्यांचा वाफा गेला, मग आमचा, मग टोकाच्या घराचा. या सगळ्या वाफ्यांत दोन गोष्टी सारख्या होत्या, काकूची मूठ आणि नाल्याचं पाणी. पाणी रोजचंच, म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

आणि काकूचा हात तर डोळ्यांना दिसतच होता. मेथी उपटून जुड्या बांधल्या की मुळांची माती धुवायला त्या नाल्यात बुचकळायच्या, हे काम आमच्या घरी काकूचं. रोज संध्याकाळी तास-दोन तास हात पाण्यात. त्या हिवाळ्यात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, तळव्याची कातडी सोलायला लागली. खाज इतकी की ती हात उंबऱ्यावर घासायची. खोबरेल लावून झालं, हळद लावून झाली, दवाखान्यातलं मलम झालं. मलम लावायची आणि संध्याकाळी परत नाल्यात.

मी मारुतीच्या देवळामागच्या आडावर प्यायचं पाणी आणायला गेले होते. तिथे बायका बोलत होत्या. मी रहाटाच्या या बाजूला होते, त्यांना दिसले नाही.

"हात बघितला का तिचा? सोलून निघालाय."

"हात फिरला बाई. गुण गेला की कातडी बी जाती."

"लय वर्षं चालला. आता दुसरा बघा."

शेवटचा आवाज मावशीचा होता. "मी सुनेला सांगून ठेवलंय, नको बोलवू. चहा बी पाजायचा आन् वाफा बी घालवायचा, कुणी सांगितलंय?"

त्या हंगामातला पुढचा वाफा दुसऱ्या एका बाईच्या मुठीनं पेरला गेला. तोही धड उगवला नाही. पण तेव्हा लोक म्हणाले, बी कुणाकडचं होतं? काकूच्याच घरचं. म्हणजे दोष घरापर्यंत आला. आमच्या दारात "काकू, येता का?" म्हणायला कुणी येईना. काकू पेरणीच्या दिवसांत सकाळी उगाच हात धुऊन बसायची. मग हात पदराखाली घ्यायला लागली. वाढताना, चहा देताना, बाजारात पैसे घेताना, सतत पदराखाली.

माझं रक्त उकळलं. एका बाईला हातावरून वाळीत टाकतात आणि आपण गप्प बसायचं? मी रात्री बसून पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘हातगुण नावाचं थोतांड गाडून टाका!’ उद्गारचिन्हं मी सढळ हातानं वापरली होती. हाताला गुण नसतो आणि अवगुणही नसतो, असं मी ठणकावून लिहिलं. आणि मग, वाचणाऱ्याचं काळीज हलावं म्हणून, ‘आमच्या वस्तीतील एका निपुत्रिक, कष्टाळू महिलेचा जो छळ चालला आहे’ असं एक वाक्य घातलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

अप्पांनी दुपारच्या सुट्टीत खिळे जुळवायला घेतले. मी शेजारी उभी होते. त्यांचा हात त्या एका शब्दापाशी थांबला.

"हा शब्द ठेवायचाच का?"

"खोटा आहे का, अप्पा?"

"खोटा नाही."

"मग?"

अप्पांनी आयुष्यभर लोकांचे शब्द जुळवले होते, बदलले कधी नव्हते. त्यांनी नि जुळवला, पु जुळवला, पुढचं सगळं जुळवलं. पाचशे प्रती निघाल्या.

बुधवारी त्या प्रती मी गंगेवरच्या बाजारात वाटल्या. घरोघर वाटल्या. कॉलेजात वाटल्या. लोकांनी घेतल्या, घडी घालून खिशात ठेवल्या, मिरचीवाल्यानं दहा-बारा मागून घेतल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत मिरच्या बांधायला घेतल्या. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. मिरच्यांबरोबर विचार घरी जाईल, असं मी स्वतःला सांगितलं.

विचार गेला नाही, बातमी गेली. तोपर्यंत ही गोष्ट वस्तीपुरती होती. आता शहरातून भाजीला येणाऱ्या बायकांना कळलं. आई आणि काकू बाजारात शेजारी शेजारी बसायच्या. एक गिऱ्हाईक आईला म्हणालं, "तुमच्याकडचीच ना हो ती, पत्रकातली? कोण ती?" आई जुड्या मांडत राहिली. पण त्या बाईनं काकूच्या पदराखालच्या हातांकडे बघितलं आणि ओळखलं. "त्यांच्या हातची नको, तुमच्या हातची द्या जुडी," असं हळूच म्हणाली. हळू, पण काकूला ऐकू जाईल इतकं.

घरी आल्यावर काकूनं पत्रक माझ्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं.

"वाच."

मी वाचलं. पहिल्या परिच्छेदात माझा आवाज चढा होता. ‘निपुत्रिक’पाशी तो इतका खाली गेला की तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे हातात काय नसतं," ती म्हणाली.

"नसतंच काकू. म्हणून तर तुझा दोष नाही."

"दोष नाय, तसा गुण बी नाय. मंग तीस वर्षं मी काय टाकत होते?"

 याचं उत्तर आजवर वाचलेल्या एकाही पत्रकात नव्हतं.

"आन् पोर नाय, हे कागदावर कशाला?" तिनं विचारलं. "वस्तीला म्हाईत नव्हतं का?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते. तिनं पत्रकाची घडी घातली आणि चुलीशी ठेवली, पण जाळली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची.

मग सायखेड्याहून तिचा भाऊ आला. कांद्याची पिशवी घेऊन, दुपारच्या एसटीनं. जेवताना सहज बोलून गेला, "ताई, तू दिवाळीला टाकून गेलीस ना मूठ, त्या वाफ्याची मेथी दोनदा कापली. अजून हाये बांधाला." काकूचा घास हातातच राहिला.

"बी कंचं होतं?"

"कंचं म्हंजे? तुला दिलेल्याच गोणीतलं."

"आन् पाणी?"

"आपल्या हिरीचं. गंगेला तर निस्त्या पाणवेली हायेत, मोटर कुठं टाकायची?"

भाऊ गेल्यावर काकू माझ्याजवळ येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी. बोटांवर मोजून सांगायला लागली. हात तिथं माझाच. बी तेच. इथं मेलं, तिथं उगवलं. मग तिसरं बोट तिनं धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. भेगाळलेलं, टोकाशी सालपटं निघालेलं बोट.

"पाणी," मी म्हणाले.

मी विज्ञान शिकत होते. प्रयोगवहीत उगवणीच्या चाचणीची आकृती काढून मला ‘उत्तम’ असा शेरा मिळाला होता. तरीही हा विचार मला सुचला नव्हता. अक्षर न ओळखणाऱ्या काकूनं तो तीन बोटांवर मांडला होता.

"जुनं बी असलं की आपण गोणपाटात गुंडाळून बघतो ना," ती म्हणाली, "तसं पाणी बघता येईल का?"

येणारच होतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, एक बोचकं नाल्याच्या पाण्यानं भिजवायचं, एक आडाच्या. मारुतीचा आड टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होता, नाल्याशी त्याचा संबंध नव्हता. आम्ही दोघी थेट मावशीकडे गेलो. काकूचा आग्रह होता, जे बघायचं ते मावशीच्या ओट्यावर. आपल्या घरी उगवलं तर कोण विश्वास ठेवणार?

मावशी मिरच्या खुडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाण्याला काय धाड भरली? माझा सासरा ह्येच पाणी पीत पंच्याऐंशी वर्षं जगला."

"मावशी, तेव्हा वर शेडी होत्या का?" मी विचारलं.

"तू नको बोलू. तू बोलली की कागद निघतो." आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही मान खाली घातली. मावशी काकूकडे वळली. "बरं, बघू. पर दोन्ही बोचक्यांत हात तुझाच असला तर हाताचं कसं कळायचं? एक माझ्या हातचं बी पायजे."

माझ्या तोंडाशी आलं होतं, की हातगुण तपासणं म्हणजे अंधश्रद्धेला मान देणं. पाण्याचा प्रश्न आहे, पाण्याचंच बघा. काकूनं मला कोपरानं ढोसलं.

"बरोबर बोलती ती. तिचा बी हात घालू."

अशी चार बोचकी ठरली. काकूचा हात आणि नाल्याचं पाणी, काकूचा हात आणि आडाचं पाणी, तसंच मावशीचं. माझ्या प्रयोगवहीत इतका चोख प्रयोग एकही नव्हता. तो हातगुणावर विश्वास असलेल्या बायकांनी ओट्यावर बसून मिरच्या खुडता खुडता रचला, आणि मी त्याला विरोध करणार होते.

मावशीची आणखी एक अट होती. "रंगाचं पाणी नको. टाकी सोडली की आमी बी देत नाय वाफ्याला. निवळलेलं आणायचं. मंग बघू." म्हणून टाकीच्या दिवसानंतर दोन दिवस थांबलो आणि सकाळी, नाला आरशासारखा असताना, मावशीच्या सुनेनं स्वतःच्या हातानं कळशी भरून आणली.

मग दाणे मोजायची वेळ आली. बी एकाच ताटात ओतलं होतं. मावशीनं आपले शंभर खळखळ मोजले. काकूची पाळी आली. दहा-बारा बायका बघत होत्या आणि तिला पदराखालून हात काढायला लागला. उजेडात तो हात मीही पहिल्यांदाच नीट बघितला. तळव्यावर लाल चट्टे, पेरांवर काळपट भेगा, अंगठ्याशी एक खोल छिद्रासारखी जखम. मेथीचा दाणा तिच्या चिमटीत धरवत नव्हता. एकेक दाणा उचलायचा, मोजायचा, गोणपाटावर ठेवायचा. मी मदतीला हात पुढे केला तर ती म्हणाली, "सर. हात माझा लागला पायजे." कुणी हसलं नाही. शंभर व्हायला खूप वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळ्या बसून राहिल्या.

काकूच्या बोचक्यांना लाल चिंधी, मावशीच्या बोचक्यांना हिरवी. आडाच्या पाण्याच्या बोचक्यांना वर गाठ. चार दिवस दोघी सकाळ-संध्याकाळ समोरासमोर उभ्या राहून पाणी शिंपडायच्या. मावशीची सून म्हणाली, "सासूबाई एवढ्या तर माझ्या बाळंतपणाला बी उठल्या नव्हत्या." मावशीनं तिला तांब्यातलं पाणी उडवलं.

पाचव्या दिवशी सकाळी बोचकी उघडली. आधी मावशीचं, आडाच्या पाण्याचं. आत दाट पांढरे मोड, लांब, एकमेकांत गुंतलेले, मेथीचा कच्चा कडवट वास. "हां!" मावशी म्हणाली. मग तिचंच नाल्याच्या पाण्याचं. काही दाणे फुगून गिळगिळीत झाले होते. काहींना मोड फुटला होता, पण मूळ टोकाशी थांबलं होतं. विझलेल्या वातीसारखं, आखूड, तपकिरी. मावशी एकेक दाणा उलटापालटा करत राहिली. तो तिच्या हातचा होता. तिच्या हाताला भेगा नव्हत्या, तिला तीन नातवंडं होती.

मग काकूची. नाल्याच्या पाण्याचं, तसंच मेलेलं. आडाच्या पाण्याचं बोचकं उघडताना काकूनं डोळे मिटले होते. मी वाकून बघितलं. मावशीच म्हणाली, "उघड डोळे. लेकुरवाळं झालंय."

मोजले. आडाच्या पाण्यातले न उगवलेले दाणे काकूच्या बोचक्यात मावशीपेक्षा दोन कमी निघाले.

"बघा!" मावशीच्या सुनेनं टाळी वाजवली. "दोन दाण्यांचा हातगुण तर हायेच!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शंभरात दोन म्हणजे काहीच नाही, हे मी शिकले होते. मी ते बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादं खरं वाक्य मी गिळलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

हसणं ओसरल्यावर मावशीनं काकूचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. भेगा बघितल्या. मग ते तपकिरी मूळ तिच्या अंगठ्याच्या जखमेशी धरून बघितलं.  आणि आपलं लुगडं घोट्याच्या वर सरकवलं. दोन्ही पायांच्या बोटांच्या बेचक्यांत सोललेली कातडी, घोट्यावर तसेच लाल चट्टे. ती वाफ्याला पाणी देताना पाटात उभी राहायची.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "कुणाला दावलं नाय. म्हणलं, पायगुण वाईट म्हणाल."

तिच्यामागं एका बाईनं कोपर दाखवलं. आणखी एकीनं बोटं. वस्तीत निम्म्या बायका काही ना काही पदराखाली झाकून हिंडत होत्या आणि बोलत होत्या एकट्या काकूच्या हाताबद्दल. मावशी काकूला म्हणाली, "मी लय बोलले तुला."

"बोललीस खरं," काकू म्हणाली. "आता चहा कर."

त्यानंतर मी दुसरं पत्रक लिहिलं. ते लिहिताना काकूला समोर बसवलं होतं आणि वाक्य झालं की वाचून दाखवत होते. तिनं दोनदा ‘काढ’ म्हटलं आणि मी काढलं. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. मथळा होता, ‘आमच्या नाल्याच्या पाण्यात बी का मरतं?’ ते घेऊन आणि चार बोचकी घेऊन आम्ही सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी बोचकी टेबलावर ठेवू दिली नाहीत, ओल लागते म्हणून. अर्ज घेतला, बाटलीत पाणी घेऊन जाऊ म्हणाले. एकदा आलेही. नेमकं त्या दिवशी नाल्यात पाणी स्वच्छ होतं. ते बाटली उजेडात धरून म्हणाले, "स्वच्छ तर दिसतंय." मावशी म्हणाली, "साहेब, आमी बी तीस वर्षं ह्येच म्हणत होतो."

शेडी बंद झाल्या नाहीत. पुढे काही वर्षांनी टाक्या सोडायची वेळ बदलली, एवढंच. काहींनी बोअर घेतली, काहींनी मळे विकले, तिथे आता इमारती आहेत. अप्पांचा छापखानाही गेला. खिळ्यांची कामं संपली, ऑफसेट आलं. या सगळ्यावर मी नंतर पुष्कळ लिहिलं, आणि रागानंच लिहिलं. पण इथे मला काकूचंच सांगायचं आहे.

त्या पाचव्या दिवसानंतर आमच्या दारात पुन्हा "काकू, येता का?" सुरू झालं. काकू हात धुवायची, पुसायची, पण लगेच निघत नसे. म्हणायची, "आधी पाणी आण. तुमच्या मोटारीचं." मग गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ती चुलीशेजारी ठेवायची. पाचव्या दिवशी उघडून बघायची. मूळ लांब असलं तर निघायची, नाहीतर नाही. जुड्या धुवायला तिनं आडाचं पाणी लावलं. हात हळूहळू बरा झाला, पण अंगठ्याचा डाग राहिला.

खरी अडचण आली पावसाळ्यात. वरून पाणी आलं, नाला भरून वाहायला लागला आणि नाल्याच्या पाण्यातही मोड यायला लागले. मावशी आनंदानं आली. "आता टाक मूठ. उगवतंय बघ!" काकूनं बोचकं उघडलं. मोड होते, भरपूर होते. तिनं एक दाणा चिमटीत धरून उजेडाकडे नेला. मूळ आडाच्या पाण्यातल्यापेक्षा निम्मं, आणि टोकाशी तोच तपकिरी ठिपका.

"उगवंल," ती म्हणाली. "पर ह्ये खाणार कोण?"

  त्या आधीच्या कितीतरी पावसाळ्यांत आम्ही असलीच मेथी उपटली होती, असल्याच पाण्यात धुतली होती, आणि गंगेवर बसून शहरातल्या पोराबाळांच्या पिशव्यांत घातली होती. माझ्या एकाही पत्रकात त्याबद्दल ओळ नव्हती. कारण त्यात अन्याय करणारे आम्ही होतो.

काकूनं मावशीकडे मूठ टाकली नाही. आमच्याकडेही टाकली नाही. आई म्हणाली, "अहो जाऊबाई, घरचा वाफा हाय." काकू म्हणाली, "म्हणून तर." अप्पांनी आईकडे बघितलं, काकूकडे बघितलं आणि त्या हंगामात आम्ही नाल्याच्या पाण्यावर झेंडू लावला. तो तरी कुणी खात नाही.

सगळ्यांना झेंडू परवडत नव्हता. हळूहळू निम्म्या घरांनी पहिल्या मुठीला दुसऱ्या बायका शोधल्या, ज्या पाणी बघत नसत. पेरणीच्या दिवसांत आमच्या दारात पुन्हा शांतता असायची. मला भीती वाटली, काकू पुन्हा हात पदराखाली घेईल. एका सकाळी ती ओट्यावर बसून, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून, दाणे मोजत होती.

"काकू, बोलवायला कमीच येतात गं आता," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली. "तवा हात वाईट म्हणून येत नव्हते. आता तोंड वाईट म्हणून येत नाय." आणि अशी हसली की हातातले दाणे सांडले. सांडलेले दाणे तिनं एकेक करून वेचले, मोजणी चुकली म्हणून, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.